इहीणबाईचं सूप

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्सं झाली की तुमचा आवाज आता घरात मला सोडून कुणालाच आठवत न्हाई. तुमच्या लेकाला, माझ्या मालकालाबी न्हाई. परवा विचारलं तर म्हणतो, "माय जरा घोगरी बोलायची, न्हाई का?" घोगरी काय! तुम्ही ओसरीवरून हाक मारली की औतावरचा गडी जागच्या जागी थांबायचा. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, जोडाक्षर आलं की अजून पेन अडतो, पन नातीच्या क्लासचे मागून कोरे कागद घरात ढिगानं पडलेत अन् पोटात जे जळून राहिलंय ते सुनेला सांगायची सोय न्हाई. कारण ज्या बाईवर मी जळते ती सुनेची आई हाय. तुमच्या लेकाला सांगावं तर तो हसंल. तुम्ही हसला नसतात. जळणं काय असतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. शेजारच्या रानातली ज्वारी आपल्यापेक्षा उंच दिसली की तुम्ही वाट बदलून शेतात जायच्या, अन् विचारलं तर म्हणायच्या, त्या वाटंला काटे लई हायेत.

आधी सूप काय असतं ते सांगते. तुमच्या वेळी आपल्याकडं ते नव्हतं. कढण असतं ना आजाऱ्याला द्यायचं, तसं, पन त्याहून दाट, मऊ, जिभेवर साय फिरल्यासारखं. एकाच भांड्यात सगळं टाकायचं, त्यातच शिजवायचं, त्यातच घोटायचं अन् वाडग्यात घेऊन गरम गरम प्यायचं. भाकर नको, भात नको. तुम्ही म्हणाला असतात, ह्यानं पोट भरतंय व्हय? मीबी तेच म्हणले. पन भरतंय, आत्याबाई. ते पुढं सांगते.

माझी नात, म्हणजे तुमची पणती. तुम्ही तिला बघितलं न्हाई हे तुमचं लई मोठं नुकसान झालं. चालायला लागली तवापासून माझ्या पदराला धरून सैपाकघरात यायची अन् परातीतलं पीठ स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसायची. हसती तर आधी डोळे हसतात, तोंड मागून. आता तिला डॉक्टर व्हायचंय. एकदा परीक्षा दिली, थोडक्यात हुकली, पुन्हा तयारी करून राहिलीय. सगळ्या मुलखातली लेकरं शिकायला लातूरला जातात, तशी तीबी आमच्या नांदेडहून गेली, अन् तिथं तिच्या आजोळी राहिली. माझी इहीण शाळेतली बाई होती, आता रिटायर झाली, एकटीच राहती. घर मोठं, क्लास जवळ. सगळ्यांना सोयीचं वाटलं. मलाबी वाटलं. सुरुवातीला.

मग रोज संध्याकाळी फोन यायला लागला. "मोठ्याई, आज आज्जीनं भोपळ्याचं सूप केलतं." मला ती मोठ्याई म्हणती, तिकडच्या आजीला आज्जी. "मोठ्याई, आज मक्याचं. लई भारी होतं. दोन वाडगे पिले." मी विचारायचे, "अगं, भाकर खाल्ली का?" तर म्हणायची, "नको वाटतं गं, सूपच पुरतं." ह्या पोरीला मी ज्वारीची भाकर दुधात कुस्करून भरवली, लोण्याच्या गोळ्यावर वाढवली, अन् हिला आता भोपळ्याचं पाणी पुरतंय! फोन ठेवला की मी भांडी जरा जोरात घासायची. तुमचा लेक पलंगावरून म्हणायचा, "काय गं, कुठूनतरी जळाल्याचा वास येऊन राहिलाय. दूध उतू गेलं का?" त्याला सगळं कळतंय. बोलतो असा की आपल्याला काहीच कळत न्हाई.

एक दिवस मी जिद्दीला पेटले. म्हणलं, आपल्याला येत न्हाई असं ह्या जगात काय शिजतंय? लाल भोपळा आणला, गाजर आणलं, मसुराची डाळ घेतली, कुकरला लावलं. सूनबाईनं मोबाईलवर बघून सांगितलं की आता हे मिक्सरला फिरवायचं. ती म्हणली, "आई, थोडं निवू द्या." पन मला कुठला दम! गरम गरम ओतलं, झाकण दाबलं अन् बटण फिरवलं. आत्याबाई, बाँब फुटल्यावानी झाकण उडालं अन् सगळं भिंतीवर. देवाच्या फोटोवर, कॅलेंडरवर, माझ्या केसात. तुमचा लेक आतून पळत आला, भिंतीकडं बघितलं, बोट लावून चाटलं अन् म्हणला, "रंग बरा हाय. मीठ कमी पडलं."

मीठ म्हणलं की मला तुम्ही आठवता.

मी मुदखेडची. आमच्या घरामागून रेल्वे जायची, गाड्यांच्या येळा मला पाठ, पन येळवस मला ठाऊक नव्हती. लग्न होऊन लातूरकडं आले तवा कळलं की थंडीतली ती अवस तुमच्याकडं दिवाळीहून मोठी. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप करतात, आत पाच पांढरे दगड मांडतात, ते पांडव. त्यांना निवद दाखवायचा अन् मग जेवायचं. अन् निवदाला भज्जी पायजे. तुमच्या त्या सैपाकघरात, जिथं पहाटेला धुरानं एकमेकीचं तोंड दिसायचं न्हाई, तिथं तुम्ही मला भज्जी शिकवली. ओली तूर, वाटाणा, हरभरा, वालाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, चार वांगी, चिंचेचं पाणी, लसणाचा ठेचा, सगळं एका डेचकीत. शेवटाला बेसन पाण्यात कालवून बारीक धारंनं सोडायचं अन् हात थांबवायचा न्हाई. हळूहळू ती दाट होत जाते, रटरट बोलायला लागते, वर तेलाचा तवंग येतो. म्हणजे सूपच की हो आत्याबाई! तेच एक भांडं, तेच घोटणं, तेच दाटपण. हे मी सुनेला सांगितलं तर ती म्हणली, "आई, सूप वेगळं." काय वेगळं? कुणी केलं ते वेगळं.

पहिल्या येळवशीला मी भज्जी हलवून राहिले होते. बोटाला जरा लागली अन् मी ते बोट चाटलं. सवयच, दुसरं काय. तुम्ही पाठमोऱ्या होता तरी तुम्हाला दिसलं. म्हणल्या, "पांडवाच्या आधी जेवलीस का गं? मुदखेडला हीच रीत हाय का?" अन् ती भरली डेचकी उचलून नेऊन म्हशीपुढं रिकामी केली. पुन्हा दाणे सोलले, पुन्हा चूल, पुन्हा सगळं. मी रडत हलवत होते. तुम्ही माझ्या तळहातावर मीठ ठेवून बोटं मिटवली अन् म्हणल्या, "इतकं. हाताला इचार, जिभेला इचारू नको." त्या दिवसापासून भज्जीचं बाकी सगळं मी करायचे, मीठ मात्र तुम्ही घालायच्या. मीठ घालायचा मान सैपाकिणीचा, बाकीच्या हाताखालच्या. किती येळवशी गेल्या तशा. मग एका वर्षी तुम्ही मिठाची बरणी माझ्यापुढं सरकवली अन् अंगणात जाऊन बसल्या. मला लग्नात गोठ मिळाले, लेक झाला तवा पैठणी मिळाली, पन बरणी सरकवली तसं काही मला पुन्हा मिळालं न्हाई. मी मूठ घातली. त्या दिवशी भज्जी खाऊन तुम्ही काहीच म्हणल्या न्हाईत, म्हणजे चांगली झाली होती.

तर ह्या वर्षी मी बेत केला. नातीच्या क्लासमधलं शिकवणं येळवशीच्या सुमाराला संपतं. मग नुस्ता सराव, पेपर सोडवायचे. ते इथं नांदेडलाबी होतंय, माझ्या लेकानं चौकशी केली. पोरगी म्हणली, "येळवस झाली की ठरवते, लातूरला राहायचं की घरी यायचं." मी मनात म्हणलं, ठरवशील काय, भज्जीचा एक घास पोटात गेला की आपल्या पायानं एसटीत येऊन बसशील. परीक्षेच्या आधीचे ते महिने मला ती घरात पायजे होती. माझ्या डोळ्यापुढं. फोनवर गालफडं बसलेली दिसत होती, अन् त्या बसलेल्या गालांचा दोष मी सगळा सुपावर ठेवला होता.

मग येळवशीच्या आदल्या दिवशी एकटीच निघाले. लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूर. बरोबर तुमचीच डेचकी, फडक्यात बांधून, मांडीवर. कंडक्टर म्हणला, "आज्जी, खाली ठेवा की, कोण नेतंय?" मी न्हाई ठेवली. इहीणबाई दारात उभी. पांढरी साडी, चष्मा, केस बारीक विंचरलेले, बोलणं सगळं पुस्तकातलं. "या विहीणबाई. एवढं ओझं कशाला आणलंत? भांडी आहेत की आमच्याकडे." मी म्हणले, "तुमची भांडी नाजूक. आमची भज्जी त्यांना सोसायची न्हाई." ती हसली, म्हणली, "मी लातूरचीच आहे हो. भज्जी मीही पन्नासदा केलीय." मी म्हणले, "केली असंल. मुलांना शिकवता शिकवता होती तेवढी." दारातच आमचं असं गोड गोड सुरू झालं.

संध्याकाळी पोरगी आली. दप्तर टाकून अशी गळ्यात पडली की माझी वळकटी झाली. वाळली होती खरी, पन डोळे तेच. माझ्या गालाला गाल घासून म्हणली, "मोठ्याई, तुझा वास आला." मी इतकी फुलले, इतकी फुलले. अन् लगेच ती वळून म्हणली, "आज्जी, आज कुठलं?" झालं. माझं फूल मिटलं.

मी ओट्याजवळ उभी राहून सगळं बघितलं. बघायचं न्हाई असं ठरवून बघितलं. एका जाड बुडाच्या पातेल्यात तिनं लोणी सोडलं, लसूण अन् कांदा टाकला, पन लाल होऊ दिला न्हाई, नुस्ता मऊ केला. मग भोपळा, बटाटा, मूठभर मसूर, पाणी, झाकण. शिजलं तशी भांडं खाली उतरवलं अन् दोन्ही पाय पसरून बसली अन्, आत्याबाई, खुंटीवरची रवी काढली. रवी! ताकाची! मिक्सर न्हाई, काही न्हाई. त्याच भांड्यात रवी घालून तिनं ते घुसळलं, मग दूध सोडलं, साय सोडली, मिरपूड, पुन्हा एकदा आचंवर, उकळी येऊ न देता. घरभर असा वास सुटला की माझ्या तोंडाला पाणी आलं, अन् त्या पाण्याचा मला राग आला. रवी तर माझ्या घरातबी हाय. मला का सुचली न्हाई? नांदेडच्या माझ्या भिंतीवरचा डाग अजून गेला न्हाई अन् ही बाई कपाळावर घाम न येता दाट सायीसारखं सूप करून राहिली.

माझ्यापुढं वाडगं आलं तशी मी म्हणले, "नको. माझा उपास हाय."

"आज कसला?" पोरीनं विचारलं.

"हाय एक."

इहीणबाईनं चष्मा वर करून कॅलेंडर बघितलं. "बरोबर आहे. आज शिवरात्र आहे, महिन्याची. विहीणबाई धरतात वाटतं." मी जन्मात कधी महिन्याची शिवरात धरली न्हाई, पन देव वेळंवर धावला. धावला म्हणावं का अडकला म्हणावं? कारण मग मला केळ अन् मूठभर शेंगदाणे मिळाले, अन् समोर त्या दोघी शेजारी बसून फुंकून फुंकून प्यायल्या. पोरीनं वाडगं जिभेनं चाटलं. माझ्या भाकरीचं ताट तिनं कधी असं चाटलं न्हाई. तुमच्या लेकाला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की खोकला लागला. "शिवरात? तू? अगं, महाशिवरातीला तू दुपारीच बटाटे संपवतीस!"

पहाटे भज्जीला लागलो. ओटा तिचा, डेचकी माझी. दाणे दोघींनी सोलले. चिंच तिनं कोळली, बेसन मी कालवलं. ती म्हणली गाजर घालू, मी म्हणले आमच्यात घालत न्हाईत, तिनं घातलं. मी म्हणले लसूण जास्त पायजे, ती म्हणली पोरीला सोसत नाही, मी घातला. तोंडानं आम्ही लई मायेनं बोलत होतो. "असू द्या हो, तुम्ही बसा जरा." "न्हाई न्हाई, तुम्हीच बसा, दमला असाल." कुणी बसलं न्हाई. मग ती अंघोळीला गेली तशी मी मिठाचा डबा काढला, तुमचं नाव घेतलं अन् मूठ घातली. वाटलं, झालं, भज्जी माझी. मग मी उंडे बांधायला मागच्या अंगणात बसले. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले बिनमिठाचे गोळे, तुम्ही करायच्या तसे. आत ती काय करती ते मला दिसलं न्हाई. अन् चाखून बघायचा तर प्रश्नच न्हाई, निवद व्हायचा होता. तिच्या घरातबी तीच रीत.

आम्ही तिघी डेचकी घेऊन आपल्या शेतावर पोचलो, तवा तुमचा लेक, माझा लेक अन् सून नांदेडहून गाडी करून थेट आले होते. शेत आता बटईनं दिलंय, त्या बटईवाल्यानं कोप बांधून ठेवली होती, पांडव चुन्यानं पांढरे करून मांडले होते, तुरी अशा लोंबत होत्या की बांधावरून चालताना अंगाला लागत होत्या. निवद दाखवला, आंबील शिंपडली, सगळे बसले. मी पोरीच्या ताटात पहिला डाव वाढला अन् तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. तिनं घास घेतला. थांबली. डोळे मोठे झाले. गिळला. मग हात तांब्याकडं गेला.

तुमच्या लेकानं घास घेतला अन् पांडवांकडं बघून हात जोडले. म्हणला, "धन्य हायेत. तक्रार केली न्हाई."

"मीठ कुणी घातलं?" सुनेनं विचारलं.

"मी," मी म्हणले.

"मी," इहीणबाई म्हणली.

ती म्हणली, "अहो, आमच्या घरात मीठ घालण्याचा मान यजमानणीचा असतो." मी म्हणले, "आमच्यात सैपाकिणीचा." "मग मी कोण होते?" "अन् मी कोण होते?" पोरगी आधी डोळ्यानं हसली, मग तोंडानं, मग आडवी होऊन पोट धरून. कितीक महिन्यांनी तिला अशी हसताना बघितलं, सून म्हणली. मला रडू येऊन राहिलं होतं. तुमच्या डेचकीतली भज्जी, तुमच्या रानात, अन् कुणाला घास गिळवंना.

अन् तेवढ्यात इहीणबाई उठली, पदर खोचला अन् म्हणली, "चला, भांडं पुन्हा चुलीवर. ताक आहे का बिनमिठाचं?" बटईवाल्याच्या घरचं होतं. मी म्हणले, "फाटंल की!" ती म्हणली, "बेसन आहे ना त्यात, कढी फाटते का?" बरोबर होतं. मला आधी सुचायला पायजे होतं. मग मी बिनमिठाचे उंडे हातानं कुस्करून टाकले. तीन दगडाच्या चुलीवर ती हलवून राहिली अन् मी ताक सोडत राहिले. "हळू, विहीणबाई." "हळूच सोडून राहिले. तुम्ही जोरात हलवा." डेचकी काठोकाठ भरली. झालं ते भज्जी नव्हतं अन् इहीणबाईचं सूपबी नव्हतं. दाट, आंबट, पांढुरकं, मधी मधी तुरीचा दाणा दाताखाली यायचा. सगळे गिलासात घेऊन प्याले. शेजारच्या रानातली माणसं बोलावून त्यांनाबी पाजलं. पोरीनं पुन्हा पुन्हा मागितलं. म्हणून मला वाटलं, हीच वेळ हाय.

जेवण झाल्यावर तुरीच्या शेंगा तोडायच्या निमित्तानं तिला बांधावर घेऊन गेले. म्हणले, "मग? कधी येतीस घरी? खोली झाडून ठेवलीय. खिडकीला पडदा लावलाय तुझ्या आवडीचा."

ती शेंग सोलत राहिली. मग म्हणली, "मोठ्याई, रागावशील?"

तिथंच मला कळलं. तरी म्हणले, "बोल."

"मी इथंच राहते परीक्षेपर्यंत."

"सुपासाठी?" मला राहवलं न्हाई.

"न्हाई गं. तुझ्या हातचं मला जास्त आवडतं, खरं सांगते. पन तू वाढती अन् उभी राहती. माझ्या ताटाकडं बघत. अजून अर्धी घे, अजून एक घास, हे संपव. मला वाटतं इथंबी माझा पेपरच चाललाय. आज्जी तिचं वाडगं घेऊन शेजारी येऊन बसती. तिचं ती पिती, माझं मी. काही विचारत न्हाई. कधी कधी दोघी नुस्त्या भिंतीकडं बघत बसतो."

"अन् मी बसले तर वाढंल कोण?"

"घेऊ की आम्ही आमच्या हातानं."

मी मूठभर शेंगा पदरात घेतल्या अन् म्हणले, "ऊन लागंल, चल." तिनं माझा हात धरला अन् सोडला न्हाई. चांगली पोरगी हाय. माझंच काळीज जळून राहिलं होतं. वाटलं, इहीणबाईनं काय केलं? काहीच केलं न्हाई. बसली. नुस्ती बसून जिंकली. मी आयुष्यभर उभी राहिले अन् हरले.

लेक-सून तुमच्या लेकाला घेऊन गाडीनं परत गेले. गाडीत तुरीच्या शेंगांची पोती भरली, जागा उरली न्हाई, म्हणून मी लातूरलाच थांबले. दुसऱ्या दिवशी पोरगी क्लासला गेली अन् मी डेचकी फडक्यात बांधायला घेतली. सैपाकघरातून तोच वास. इहीणबाई म्हणली, "गाडीला अजून वेळ आहे. बसा." मी म्हणले, "नको, तुम्ही घ्या, मी वाढते." अन् सवयीनं डाव उचलायला गेले. तिनं माझ्या हातातून डाव घेतला. रागानं न्हाई. म्हणली, "बसा हो." अन् मी बसले. तिनं माझ्यापुढं वाडगं ठेवलं, चमचा ठेवला, वर सायीचा गोळा सोडला. मग आपलं वाडगं घेऊन माझ्या शेजारी बसली. आम्ही भिंतीकडं बघितलं. भिंतीवर तिच्या शाळेचा फोटो होता, खालच्या रांगेत बसलेल्या पोरी सगळ्या उन्हानं डोळे बारीक करून.

मी प्याले. आत्याबाई, आधी कांद्याची गोडी आली, मग भोपळ्याची, मग दुधाची, अन् गरमपणा घशातून उतरून छातीत पसरत गेला. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. कुणाला काही संपलंय का, कुणाला काही पायजे का, हे बघायला मला उठायचं नव्हतं. मी किती वर्सांनी गरम जेवले! आपण सैपाक गरम करतो अन् जेवतो गार, तुम्हीबी तेच केलं. चुलीपुढं डेचकी पुसून घेतलेला शेवटचा घास तुमच्या हातात असायचा, मला आठवतंय. मी दुसरं वाडगं मागितलं. मागितलं! लाजेनं कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं वाढलं अन् पुन्हा शेजारी बसली.

घरी आल्यावर तुमच्या लेकानं विचारलं, "मग, कसं होतं सूप? प्यालीस का शेवटी?" मी म्हणले, "ठीक. मीठ कमी होतं."

आता मी रोज संध्याकाळी ओट्याशी उभी असते. लेक येतो, सून येते, त्यांना वाढते. नांदेडला दिवे लागतात अन् मला वाटतं, आता पोरगी दप्तर टाकून बसली असंल, आता इहीणबाईनं रवी उतरवली असंल, आता तिच्यापुढं वाफा निघणारं वाडगं आलं असंल. अन् पोटात जळतं. मी बसून नीट विचार केला की हे जळणं कुणावर हाय. इहीणबाईवर न्हाई. आता तर तिचा फोन आला की मला बरंच वाटतं, त्या येळवशीवर दोघी हसतोबी. माझं जळणं नातीवर हाय. माझ्या लाडक्या पोरीवर. तिला कुणीतरी रोज बसवून वाढतं.

हा कागद मी कुणाला दाखवणार न्हाई, अन् तुम्हाला कुठं पाठवू? फोनवर पोरगी म्हणती, "मोठ्याई, तू माझ्यावाचून लई झुरतीस ना?" मी व्हय म्हणते. झुरते. पन त्यात थोडी भूकबी हाय, ते तिला सांगितलं न्हाई.